मेडिकलमध्ये चोरी झाली : शटर, कॅमेरे आणि एक न तुटलेलं कुलूप

काउंटरमागची | सोमवार, रात्री १०.४०

सांगलीत विश्रामबागेत आमचं मेडिकल आहे. दुकान आबांचं (सासरे), रजिस्टर्ड फार्मासिस्ट मी. मदतीला एक मुलगा आहे, तीन वर्षं झाली त्याला.

गेल्या गुरुवारी रात्री धो धो पाऊस होता, त्यात लाईट गेलेली. सकाळी सव्वासातला दूधवाल्याचा फोन आला, "वहिनी, तुमचं शटर मधनं वर आलंय." जाऊन बघते तर दोन्ही बाजूंची कुलुपं जागच्या जागी लटकतायत आणि मधे शटर कमानीसारखं वाकलेलं. एक सडपातळ माणूस पोटावर सरपटत जाईल एवढी फट. पायरीवर गाडीच्या जॅकचा गोल ठसा उमटला होता.

गेलं काय ते सांगते. गल्ल्यातले ३४०० (बहुतेक दहा-वीसच्या नोटा आणि चिल्लर), बाळांच्या दुधाच्या पावडरीचे सहा डबे, शुगर तपासायच्या पट्ट्यांचे चार बॉक्स, प्रोटीन पावडरचे दोन मोठे डबे, आबांची छत्री. आणि इंटरनेटचा राउटर! त्याचे दिवे लुकलुकत असतात, कॅमेऱ्याचं मशीन समजून उचलला असणार. खरा डीव्हीआर माळ्यावर सलाईनच्या खोक्यांमागे होता, तो वाचला. पण वाचून उपयोग शून्य, कारण इन्व्हर्टरवर आम्ही फक्त इन्सुलिनचा फ्रिज घेतलाय. १ वाजून ५० मिनिटांनी लाईट गेली आणि रेकॉर्डिंग तिथंच थांबलं. फ्रिज आपला ५ अंशावर गार, कॅमेरे आंधळे.

शिवाय कपाटातल्या झोपेच्या गोळ्यांच्या १४ स्ट्रीप कमी भरल्या.

इथं बरेच केमिस्ट आणि जाणकार आहेत म्हणून विचारते. शटरला काय करायचं? कॅमेरे कसे लावायचे? आणि पोलिसांत नुसता अर्ज दिलाय, तो पुरतो का? आबा म्हणतात "गेलं ते गेलं, देवाची कृपा माणसं नव्हती आत." त्यांना छत्रीचं जास्त वाईट वाटतंय. लाकडी मुठीची होती.

भडंगप्रेमी | सोमवार, रात्री १०.५८

पावसात आला होता, छत्री नेणारच की! चोर झाला म्हणून काय त्यानं भिजायचं?

(माफ करा वहिनी. वाचून वाईट वाटलं, पण राउटरला हसू आवरेना.)

शटरवाला_कुपवाड | सोमवार, रात्री ११.२०

ताई, माझं काम हेच हाय, सतरा वर्षं झाली शटर बसवतोय. तुमच्याकडं झालं ते दहातल्या सात दुकानांत असंच होतं. लोक बाजूची कुलुपं हजार-दीड हजाराची आणतात आणि मधलं लॉक बसवतच नाहीत. शटर दोन टोकांना धरलेलं, मधे मोकळं. खालच्या पट्टीखाली जॅक लावला, चार हात मारले की पट्ट्या वाकतात. आवाज पण फार नाही, त्यात पाऊस असला की झालंच.

उपाय सांगतो. खालच्या पट्टीला आतनं लोखंडी अँगल वेल्डिंग करून घ्या, अख्ख्या लांबीचा. त्यानं ती वाकत नाही. मधे सेंटर लॉक, त्याची दांडी उंबऱ्यात चार इंच तरी खाली गेली पाहिजे. नुसत्या फरशीत गेली तर फरशीसकट उचकटते, खाली काँक्रीट लागतं. कुलूप असं घ्या की त्याची कडी बाहेर दिसणार नाही, कटरला धरायला जागाच राहत नाही. पट्ट्या किती गेजच्या हायत बघा. जुन्या दुकानांत २२ गेजचा पत्रा सापडतो, तो म्हणजे पापड. १८ चा असला तर जॅकला घाम फुटतो.

शटरच्या आत जाळीचा सरकता दरवाजा बसवला तर सोन्याहून पिवळं. चोराला आवाज न करता एक अडथळा पार करता येतो, दोन जमत नाहीत.

आणि मागची बाजू बघा. एक्झॉस्ट फॅनचं भोक, पत्र्याचं छप्पर, शेजारच्या दुकानाची सामायिक भिंत. पुढं तिजोरी आणि मागं पत्रा, अशी दुकानं मी गणपती पेठेत कितीतरी बघितली.

काउंटरमागची | सोमवार, रात्री ११.३१

सेंटर लॉकचं मी चार वर्षांपासून म्हणतेय. आबा उंबऱ्याला ड्रिल लावू देत नाहीत. "दुकानाच्या उंबऱ्याला भोक पाडायचं नाही, लक्ष्मी तिथनं येते."

भडंगप्रेमी | सोमवार, रात्री ११.३३

गुरुवारी तिथनंच गेली.

निवृत्त_हवालदार | मंगळवार, सकाळी ६.१५

ताई, अर्ज पुरत नाही. अर्ज म्हणजे तक्रार नोंदली असं नव्हे. गुन्हा दाखल करून घ्या आणि एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते, तुमचा हक्क आहे. नव्या कायद्यात ऑनलाईनही तक्रार देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. रात्रीची घरफोडी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३३१(४) आणि सोबत ३०५, जुन्या भाषेत ४५७, ३८०. कागदावर ही कलमं लागली की तपास होतो. "अज्ञात इसमाने सामान नेले" असा मोघम अर्ज फाईलला लागून पडून राहतो.

यादी देताना "दुधाचे डबे सहा" असं लिहू नका. कंपनी, बॅच नंबर, एक्सपायरी, किंमत, सगळं खरेदीच्या बिलावरून लिहा. उद्या कुठल्या किराणा दुकानात तसले डबे सापडले तर ते तुमचेच हे बॅच नंबरवरूनच ठरणार. हीच यादी असोसिएशनच्या ग्रुपवर टाका.

पंचनामा होईपर्यंत झाडलोट करायची नाही. तुम्ही पायरी धुतली असणार, सगळे धुतात.

आता एक विचारतो. झोपेच्या गोळ्या कपाटात होत्या म्हणालात. त्या कपाटाचं कुलूप तुटलं होतं का?

काउंटरमागची | मंगळवार, सकाळी ८.०५

पायरी धुतली. आबांनी.

मी गेले तेव्हा ठाण्यात "आधी अर्ज देऊन जा, साहेब आले की बघू" एवढंच म्हणाले होते. आज परत जाते.

कुलूप तुटलं नव्हतं. किल्ल्या घरी होत्या.

मिरजमामा | मंगळवार, सकाळी ९.३०

मिरजेत दवाखान्यांच्या भागात माझं चोवीस तासांचं मेडिकल आहे. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली इथं दवाखाना काढला, तेव्हापासून गावाला औषधांचा वास लागलाय तो सुटलेला नाही. शटर फोडून चोरी माझ्याकडं तीस वर्षांत एकदा झाली. काउंटरवरून मात्र रोज होते. सगळे शटरवर बोलतायत म्हणून मी काउंटरवर बोलतो.

पहिली गोष्ट सुट्ट्याची. माणूस पाचशेची नोट देतो, नव्वद रुपयांचं औषध घेतो, तुम्ही ४१० मोजता. तेवढ्यात म्हणतो, "थांबा, माझ्याकडं शंभर आहेत, माझी पाचशेची द्या परत." मग "अजून एक बाम द्या." मग "ते चारशे मला दोनशेच्या नोटांत द्या." तीन वेळा पैसे इकडून तिकडं गेले की तुमच्या हिशोबाचं दही होतं आणि तो चारशे रुपये जास्त घेऊन जातो. आमच्यात नियम आहे, एक व्यवहार पुरा होऊन ड्रॉवर बंद होईपर्यंत गिऱ्हाइकाची नोट ड्रॉवरच्या वर ठेवायची, आत नाही. मधेच कुणी बोललं तर सगळं थांबवून पहिल्यापासून मोजायचं. राग आला तर येऊ दे.

दुसरी, जोडी. एक बाई मागच्या रॅकमधलंच काहीतरी मागते, खालच्या खणातलं, म्हणजे तुम्ही वाकलं पाहिजे. दुसरी तोवर काउंटरवरचे क्रीमचे बॉक्स पिशवीत घालते. म्हणून माझ्या काउंटरवर महागाचं काहीच नाही. खोकल्याच्या गोळ्यांची बरणी आणि चिकटपट्टी. पावडरीचे डबे काउंटरच्या आत, आणि दर्शनी कपाटात नुसती रिकामी खोकी.

तिसरी, मोबाईल. "पैसे पाठवले" म्हणून स्क्रीन दाखवतात, ती खोट्या ॲपचीही असते. साउंड बॉक्स बोलला तर पैसे आले, नाही बोलला तर नाही आले. क्यूआरचा स्टिकर रोज सकाळी नखानं खरवडून बघा, वर दुसरा चिकटवलेला नाही ना. आणि फोनवर कुणी "मिलिटरी कॅम्पमधून बोलतोय, वीस हजारांची औषधं काढून ठेवा, पैसे पाठवायला तुम्ही माझा कोड स्कॅन करा" म्हणाला तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही. फसलात तर लगेच १९३०. जितका उशीर तितके पैसे लांब.

चौथी, तोतया अधिकारी. २०२३ च्या जूनमध्ये सांगलीत मोठ्या ज्वेलरी शोरूमवर भरदिवसा दरोडा पडला, तेव्हा आलेल्यांनी आपण पोलीस असल्याचीच बतावणी केली होती. आपल्या धंद्यात "एफडीएतून (अन्न व औषध प्रशासनातून) आलोय" म्हणून येतात. ओळखपत्र मागा. खरा इन्स्पेक्टर नमुना घेतला तर फॉर्म १७ देतो, माल जप्त केला तर फॉर्म १६ ची पावती देतो. "जागेवर मिटवू" म्हणाला की कार्यालयात फोन लावा.

रात्रीचं म्हणाल तर, अकरानंतर माझं शटर अर्धं खाली आणि आतली जाळी बंद. औषध जाळीच्या खिडकीतून. पेशंटचा नातेवाईक कधी चिडतो, पण काउंटरवर एकटं पोरगं असतं. गल्ल्यात दोन हजारांच्या वर रोकड ठेवत नाही. बाकीची जमिनीत बसवलेल्या पेटीच्या फटीतून आत. देवळातल्या दानपेटीसारखी. तिची किल्ली दुकानात नसते आणि तशी पाटीच लावलीय.

आडवाटेचा_इंडियाना | मंगळवार, दुपारी १२.१०

मूळ तासगावचा, सध्या अमेरिकेत इंडियाना राज्यात फार्मासिस्ट आहे. मामांच्या दानपेटीवरून लिहावंसं वाटलं.

इकडे फार्मसीवर दरोडे पडतात ते पैशांसाठी कमी आणि ऑक्सिकोडोनसारख्या वेदनाशामक गोळ्यांसाठी जास्त. २०११ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कजवळ मेडफर्डला एका छोट्या फार्मसीत चार माणसं मारली गेली, गोळ्यांसाठी. आमच्या राज्यात दरोडे फार वाढले तेव्हा २०१५ मध्ये सीव्हीएस ह्या मेडिकल दुकानांच्या साखळीनं इंडियानापोलिसमधल्या दुकानांत वेळकुलपाच्या तिजोऱ्या बसवल्या. आकडे दाबल्यावर तिजोरी लगेच उघडत नाही, काही मिनिटं थांबावंच लागतं. तशी पाटी दारावरच असते. दरोडेखोराला सगळ्यात नकोशी गोष्ट म्हणजे थांबणं. कंपनीच्या सांगण्यानुसार तिथले दरोडे सत्तर टक्क्यांनी घटले.

आणि नियंत्रित औषध चोरीला गेलं तर एका कामाच्या दिवसात केंद्रीय यंत्रणेला लेखी कळवावं लागतं, शिवाय वेगळा फॉर्म १०६ भरायचा. त्यामुळे इथं अशा गोळ्या एक-एक मोजलेल्या असतात.

आम्हाला शिकवलेलं पहिलं वाक्य हे की समोर शस्त्र दिसलं तर मागेल ते द्या, डोळ्याला डोळा भिडवू नका, पाठलाग करू नका. गोळ्या परत येतात, फार्मासिस्ट येत नाही.

मिरजमामा | मंगळवार, दुपारी १२.४०

शेवटचं लाखाचं बोललात. माझ्या पोरांनाही तेच सांगितलंय. मात्र वेळकुलपाची तिजोरी मिरजेत? आमची तिजोरी म्हणजे कडी-कोयंडा आणि किल्ली बायकोच्या पदराला. ते कुलूप उघडायला कितीही मिनिटं लागू शकतात.

शंभरफुटी | मंगळवार, दुपारी १.१५

कपाटाचं कुलूप शाबूत, किल्ल्या घरी, आणि १४ स्ट्रीप गायब? हा चोराचा हात नाही वहिनी. तुमच्याकडच्या पोराला उचला. दोन कानाखाली बसल्या की बोलेल पोपटासारखा. झोपेच्या गोळीला बाहेर किती भाव आहे माहितेय का? मालेगावकडं हिलाच कुत्ता गोळी म्हणतात. कुपवाडला २०२४ मध्ये मेफेड्रोनचा (एमडी ड्रगचा) साठा सापडला तेव्हापासून आपल्याकडं पण नशेचं काय कमी नाही. जिमवाली पोरं बीपी वाढवायची इंजेक्शनं मागत फिरतात.

नोकर_नव्हे_फार्मासिस्ट | मंगळवार, दुपारी १.५०

@शंभरफुटी, जरा सबुरीनं. मी गेली सहा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करतो. काही कमी पडलं की पहिली नजर आमच्यावरच येते. मागच्या ठिकाणी इन्सुलिनची दोन पेनं कमी आली म्हणून सगळ्यांसमोर माझी डबा-पिशवी झडली. आठ दिवसांनी कळलं, सप्लायरनंच दोन कमी पाठवली होती आणि बिल मात्र पूर्ण. मालक "बरं झालं सापडलं" एवढंच म्हणाले. मी महिनाअखेरीस सोडलं ते दुकान.

नोकरानं केलेली चोरी हा मोठा गुन्हा आहे, कलम ३०६, सात वर्षांपर्यंत शिक्षा. एवढा मोठा आळ घ्यायच्या आधी निदान आपला हिशोब तरी नीट करावा. वहिनी, १४ कमी हे तुम्ही कशावरून म्हणता? शेवटचा फिजिकल स्टॉक कधी घेतला होता?

काउंटरमागची | मंगळवार, रात्री १०.१५

लाज वाटते सांगायला, पण मार्चअखेरीस. म्हणजे चोरीच्या दुसऱ्या दिवशी मी साडेतीन महिन्यांनी मोजलं. मार्चअखेरची शिल्लक शून्य. तेव्हापासून खरेदी ६० स्ट्रीप, एच-१ च्या रजिस्टरवर (अशा गोळ्यांची विक्री लिहायची वेगळी वही) विक्री ३७, कपाटात ९. म्हणून १४ कमी. गुरुवारी गेल्या की एप्रिलपासून रोज एक-एक करून गेल्या, काहीच सांगता येत नाही. आणि मी सरळ चोराच्या नावावर लिहून मोकळी झाले!

मुलाला मी अजून काही विचारलेलं नाही. पण आज त्याच्या पाठीवर माझी नजर होती आणि ती त्याला कळली, असं वाटतं. दिवसभर गप्प होता.

निवृत्त_हवालदार | बुधवार, सकाळी ६.१०

मी म्हणूनच विचारलं होतं. चौतीस वर्षांत एक गोष्ट शिकलो, चोरी झाली की घरातल्या सगळ्या हरवलेल्या वस्तू चोरानंच नेलेल्या असतात. सांगलीत २०१९ नंतर जसं सगळंच "पुरात गेलं" होतं तसं.

आता असं करा. एफआयआर नोंदवताना त्या १४ स्ट्रीप लिहू नका, आणि अर्जात आधीच लिहिल्या असतील तर पुरवणी जबाब द्या, "मोजणीत फरक आढळला, तो चोरीच्या रात्रीचा आहे असे खात्रीने सांगता येत नाही." खोटी यादी दिली तर उद्या चोर सापडल्यावर त्याचा वकील तेवढ्याच धाग्याला धरून सगळी केस उसवतो.

कॅमेऱ्याचं पण सांगतो, कारण परत लावणारच आहात. डीव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे का बघा. मी अशी केस बघितलीय की चोरी रात्री दोनला आणि फुटेज दाखवतंय सायंकाळी साडेआठ, कारण बसवणाऱ्यानं भारताची वेळ लावलीच नव्हती. एक कॅमेरा दाराशी तोंडाच्या उंचीवर ठेवा, छताच्या कॅमेऱ्यात फक्त टोप्या दिसतात. एक सरळ त्या कपाटावर. डीव्हीआर इन्व्हर्टरवर घ्या, त्याला फ्रिजच्या मानानं वीज लागते ती नगण्य. चार कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क साधारण दोन आठवडे पुरते, मग जुनं पुसलं जातं. त्यामुळे काही घडलं की त्याच दिवशी फुटेज काढून घ्या. कोर्टात ते चालवायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं ६५-ब. ते पोलिसांना आठवण करून द्या, विसरतात.

आकडेमोड | बुधवार, सकाळी ११.००

कर आणि विम्याचं काम करतो, म्हणून दोनच गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही.

विमा : दुकानदारांच्या पॉलिसीत घरफोडीचं कलम असतं, पण त्याला फोडल्याची खूण लागते. शटर वाकलंय, फोटो काढून ठेवा, दुरुस्ती सर्व्हेअर येऊन गेल्यावरच करा. काउंटरवरून उचलून नेलेला माल किंवा नोकरानं नेलेला माल त्यात बसत नाही. नोकरांसाठी वेगळं विश्वासघात-कव्हर घ्यावं लागतं. म्हणजे मिरजमामा म्हणतात तो रोजचा तोटा पूर्णपणे तुमच्या खिशातून.

जीएसटी : चोरीला गेलेल्या मालावर तुम्ही खरेदीच्या वेळी जी करवजावट घेतली ती परत करावी लागते, कलम १७(५)(एच). म्हणजे माल पण गेला आणि त्यावरचा कर पण. संताप येतो, पण कायदा तसाच आहे.

हळदीची_पेव | बुधवार, दुपारी ३.२०

मी गिऱ्हाईक बाजूची. ह्या मंगळसूत्रावर हात ठेवून सांगते, चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी सांगलीत आम्हाला मिळायची ती बंद होऊ नये एवढंच म्हणणं. सासूबाईंना रात्र रात्र झोप नसते, दर वेळी डॉक्टरांकडं कुठं न्यायचं?

काउंटरमागची | बुधवार, दुपारी ३.४०

ताई, तुमची अडचण कळते. पण ती गोळी एच-१ मध्ये आहे. १ मार्च २०१४ पासून हा नियम आहे, डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहायचे, ती वही तीन वर्षं जपायची. म्हाताऱ्या माणसांना ह्या गोळीची सवय लागते आणि रात्री उठताना तोल जाऊन पडतात. सासूबाई आधीपासून घेत असतील तर एकदम बंदही करू नका, त्याचाही त्रास होतो. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात. एकदा न्याच.

काउंटरमागची | शुक्रवार, रात्री ११.०५

दोन दिवस लिहायला तोंड नव्हतं. १४ स्ट्रीप सापडल्या.

काल रात्री ठरवलं, आधी मोजायची पद्धत बसवायची, मग कुणाला काय विचारायचं ते विचारू. दुकान बंद करताना कपाटातल्या प्रत्येक औषधाच्या स्ट्रीप मोजायच्या, छोट्या वहीत आकडा आणि मोजणाऱ्याची सही. मी, आबा आणि मुलगा, आळीपाळीनं. मुलाला म्हटलं, आज तू मोज. त्यानं ९ लिहिलं, सही केली. मग पेन तसंच हातात धरून उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, सकाळी आबा उघडतात तेव्हाचे पण लिहायचे का?"

मला कळेना. तो पुढं काही बोलेना. नजर सारखी आबांच्या खुर्चीकडं.

सकाळी साडेसहाला आबा दुकान उघडतात, मी नऊला येते. त्यांचा फिरायला जाणारा पाचजणांचा ग्रुप आहे, सगळे सत्तरीच्या पुढचे, एकजण त्यांच्या शाळेतला. त्यातल्या चौघांना आबा महिन्याला एक-एक स्ट्रीप देत होते. चिठ्ठी नाही, बिल नाही. पैसे देणारे गल्ल्यात टाकत, न देणारे "पुढच्या वेळी". चार माणसं, साडेतीन महिने, १४ स्ट्रीप. गणित इतकं बरोबर आलं की मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

आबांना विचारलं तर म्हणाले, "अगं, ओळखीतले आहेत. मी काय नशेबाजाला दिल्या का?" आणि जरा वेळानं, "पोराला माहीत होतं, तो बोलला नाही मला."

त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मी पाठीवर नजर ठेवली तेव्हाही. म्हाताऱ्या माणसाचं नाव कसं घ्यायचं म्हणून स्वतःवर आळ येऊ देत होता. आज त्याला म्हटलं, चुकलं माझं. तो म्हणाला, "असू दे की वहिनी," आणि एक्सपायरी रिटर्नचं खोकं बांधायला लागला.

शंभरफुटी | शुक्रवार, रात्री ११.२०

मी मंगळवारी लिहिलेलं मागं घेतो. त्या पोराला माझ्याकडून एक प्लेट भेळ.

मिरजमामा | शुक्रवार, रात्री ११.३५

पोरी, असलं उघड्यावर लिहू नये. आबांनी केलं ते नियमाबाहेरचं आहेच, लायसन्सवर येतं. पण तू नाव-गाव दिलेलं नाहीस, म्हणून बोलतो. माझ्या वडिलांनीही हेच केलं. तेव्हा पेठेतलं मेडिकल म्हणजे अर्धा दवाखाना होता, चिठ्ठी मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं. आता मीही रोज मोजतो. माझ्याकडं कर्नाटकातून पेशंट येतात, अथणी, विजापूर. त्यांच्या डॉक्टरांचा शिक्का मला ओळखता येत नाही, एकाच चिठ्ठीच्या झेरॉक्स घेऊन चार दुकानं फिरणारेही असतात. म्हणून औषध दिलं की चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख. नियमच आहे तो, पण पाळतात किती? शिक्का पडला की ती चिठ्ठी पुढच्या दुकानात मुकी होते.

नोकर_नव्हे_फार्मासिस्ट | शनिवार, सकाळी ८.४५

मुलाची माफी मागितलीत हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडं मागत नाहीत. सकाळची मोजणी पण वहीत घ्या, उघडताना आणि बंद करताना. दोन सह्या असल्या की कुणावरच आळ येत नाही, मालकावरसुद्धा.

काउंटरमागची | शनिवार, रात्री ९.५०

सुरू केलंय. पहिली सही आबांची, सकाळी ६.३५, आकडा ९. ग्रुपमधले दोघं आज मुलांबरोबर डॉक्टरांकडं जाऊन आले. तिसरे माझ्याशी बोलत नाहीत.

एफआयआर झाली, पुरवणी जबाबही दिला. डीव्हीआर इन्व्हर्टरवर घेतला, घड्याळ तपासलं, अकरा मिनिटं मागे होतं. सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेले, म्हणजे आता शटरला हात लावता येईल. @शटरवाला_कुपवाड, अँगल, सेंटर लॉक आणि आतली जाळी, तिन्हीचं माप घ्यायला कधी येता?

शटरवाला_कुपवाड | शनिवार, रात्री १०.१०

मंगळवारी येतो ताई. उंबऱ्याचं काय? आबा ड्रिल मारू देतील?

काउंटरमागची | शनिवार, रात्री १०.१४

दुपारी दोन ते चारमध्ये या. आबा तेव्हा गाढ झोपलेले असतात. गोळी न घेता.